विलेपार्ल्यातला होमस्टे: मूल दत्तक घ्यायला बाहेरून मुंबईत येणाऱ्यांनी नक्की वाचा

माझा मोठा भाऊ आणि वहिनी गेल्या श्रावणात अमेरिकेतून मुंबईला आले होते, त्यांच्या लेकीला घ्यायला. लेक सहा वर्षांची, मराठवाड्यातल्या एका संस्थेत वाढलेली. तिचं नाव, फोटो, संस्थेचं नाव यातलं काही मी लिहिणार नाही, कायद्यानेही लिहायचं नसतं आणि तसंही तो तिचा प्रश्न आहे, मोठी झाली की ती ठरवेल कुणाला काय सांगायचं ते. होमस्टेचं नावही देत नाही कारण तो चालवणाऱ्या काकूंनीच सांगितलंय की बाई नाव नको टाकूस, तीनच खोल्या आहेत आणि बाहेर बोर्डही नाही. ज्यांना खरंच अशा कामासाठी जागा हवी आहे त्यांना मी नंबर देईन. पण त्याआधी हे सगळं वाचा, कारण मूल घेऊन उतरायला जागा शोधताना आम्ही जे बघितलं ते सगळं चुकीचं बघितलं होतं.

आधी थोडं बॅकग्राउंड. मी डोंबिवलीला, वन रूम किचन, सासूसासरे आणि दोन मुलं, त्यामुळे आमच्याकडेच उतरा असं म्हणायची सोय नव्हती. आईची गिरगावातली जागा रीडेव्हलपमेंटला गेलीय, ती सध्या तिथेच भाड्याच्या एका खोलीत राहते. दादा तिकडचा सिटिझन झालाय, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे, वहिनी तिकडचीच. तिला मराठी समजतं थोडं, बोलते त्याहून कमी, पण प्रयत्न मनापासून करते.

लोकांना वाटतं विमानातून उतरायचं, मूल घ्यायचं आणि परत जायचं. अहो अडीच वर्षं गेली. तिकडच्या एजन्सीकडून होम स्टडी, म्हणजे घर, पगार, तब्येत, नवराबायकोचं पटतं की नाही सगळं बघून रिपोर्ट, मग तिकडच्या इमिग्रेशनची मंजुरी, मग आपल्या काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी, मग वाट बघणं, मग एक दिवस फोटो आणि मेडिकल रिपोर्ट येतो आणि ठराविक दिवसांत हो की नाही सांगायचं. त्यानंतर परत दोन्ही देशांची पत्रं, काराची एनओसी, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांची ऑर्डर. आधी हे काम कोर्टात व्हायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलंय. ऑर्डर झाली की काराचं सर्टिफिकेट, की हे दत्तक हेग कराराप्रमाणे (दुसऱ्या देशात दत्तक देण्याघेण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) झालंय, मग मुलाचा पासपोर्ट, आणि तेव्हा कुठे आईबापांनी यायचं. कुणाबरोबर पाठवून द्या वगैरे चालत नाही, आईबापांनी स्वतः येऊनच मूल संस्थेतून ताब्यात घ्यायचं असं कायद्यातच आहे. पाच वर्षांवरची मुलं, भावंडं एकत्र असलेली, किंवा तब्येतीची काही अडचण असलेली, ही मुलं बाहेरच्या देशात जास्त जातात कारण इथे सगळ्यांना तान्हं बाळ हवं असतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, आमच्याही नात्यात लोक म्हणालेच की एवढी मोठी कशाला, तिला सगळं आठवणार. आठवणारच की. म्हणूनच तर मी हे लिहायला बसले.

तर दादाने अमेरिकेतून बसून एअरपोर्टजवळचं एक हॉटेल बुक केलं होतं. मोठं हॉटेल, चांगले रिव्ह्यू, स्विमिंग पूल, मुलांसाठी खेळायची खोली, नाव लिहीत नाही. त्याचा हिशोब सरळ होता की मुलगी खूश होईल. संस्थेतून तिला घेऊन रात्रीच्या ट्रेनने निघालो (मी पण गेले होते, मराठी बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून), सकाळी दादरला उतरलो, पाऊस धो धो, टॅक्सीने हॉटेलवर. आणि तिथे काउंटरवर पंचवीस मिनिटं. दादाचा पासपोर्ट एक, वहिनीचा तोच देश, मुलीचा मात्र भारतीय पासपोर्ट, कालपरवाच काढलेला, वहिनी गोरी, मुलगी सावळी. त्यांनी कागद बघायलाच हवेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट बघितलेच पाहिजेत, मुलं पळवणारे पण असतात. पण बाजूला घेऊन विचारा ना. काउंटरवरचा मुलगा मागच्याला मराठीत मोठ्याने म्हणतो, "अरे दत्तक आहे रे, अनाथाश्रमातली, हिचं काय लावायचं?" त्याला वाटलं गोऱ्या बाईला कळत नाही. वहिनीला नाहीच कळलं. मुलीला कळलं. तिने माझा ओढणीचा काठ धरला होता तो सोडला आणि दोन्ही हात मागे बांधून भिंतीला लागून उभी राहिली, रांगेत उभं करतात ना तशी.

दोन रात्री काढल्या तिथे. खोली सुंदर होती हो, खोटं कशाला बोलू. पण ती झोपलीच नाही. बेड एवढा मोठा की ती कडेला गोळा होऊन पडायची, एसीचा आवाज सोडला तर सगळं चिडीचूप, बाथरूममध्ये बादलीच नाही, शॉवर अंगावर आला की किंचाळायची. जेवण साडेसातनंतर सुरू. संस्थेत सात म्हणजे सात, त्यामुळे पावणेसात वाजले की ती दारापाशी जाऊन उभी राहायची, आणि वहिनी बिचारी समजायची की हिला बाहेर जायचंय, पळून जायचंय. दुसऱ्या रात्री वहिनीचा फोन आला, रडत होती, इंग्लिशमध्ये एवढंच म्हणत होती की तिला मी नकोय. मी सकाळी सहाची लोकल पकडली.

हा होमस्टे आम्हाला माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितला. तिच्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गावचे लोक तिथे उतरले होते. पार्ले पूर्व, स्टेशनपासून रमतगमत दहा मिनिटं, हनुमान रोडच्या बाजूला आतल्या गल्लीत, जुनी तीन मजली बिल्डिंग. सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन फ्लॅट जोडून घेतलेत, एकात काका काकू आणि त्यांचा मुलगा राहतो, दुसऱ्यात तीन खोल्या पाहुण्यांना. मधलं दार कायम उघडं. लिफ्ट नाही, हे आधीच सांगते, बॅगा घेऊन तीन जिने चढायचे आहेत.

आता त्या सकाळची गोष्ट, कारण त्यासाठीच एवढं लिहितेय.

बिल्डिंगमध्ये सगळे काकूंना मावशी म्हणतात. दूधवाला, वॉचमन, शेजारची मुलं, सगळे. आम्ही दारात पोचलो आणि वॉचमनने खालून आवाज दिला, "मावशी, पाहुणे आले." काकू आल्या, आत घेतलं, पाणी दिलं, आणि टेबलावरचं रजिस्टर उघडलं. मोठं, लाल कडेचं, कापडी पाठीचं रजिस्टर, पाहुण्यांची नावं लिहायचं. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरून इमिग्रेशनवाल्यांना कळवावी लागते, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात, ते काम काकूंचा मुलगा करतो, पण काकूंना रजिस्टरमध्ये आपलं हाताने लिहिलेलं लागतं. तर त्यांनी चष्मा लावला, दादाचं नाव लिहिलं, वहिनीचं लिहिलं, आणि मुलीकडे बघून म्हणाल्या, "आणि बाळा तुझं नाव काय?"

ती काही बोलेना. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "इथली बाकीची लेकरं कुठं गेली?"

मला दोन मिनिटं कळलंच नाही. मग एकदम पोटात गोळा आला. संस्थेत सांभाळणाऱ्या बायकांना मावशीच म्हणतात. नवीन मूल आलं की मावशी रजिस्टर काढतात आणि नाव लिहितात. उघड्या दारातून पलीकडच्या खोलीत तीन कॉट ओळीने दिसत होत्या, एकसारख्या चादरींच्या. तिला वाटलं हे दोघे मला दुसऱ्या संस्थेत सोडायला आणतायत. दोन दिवस हॉटेल, ते काही तिला जमलं नाही, मग आता इथे. तिच्या डोक्यातला हिशोब अगदी बरोबर होता, सहा वर्षांत तिने जेवढं बघितलं त्यावरून दुसरं काय वाटणार?

मी काकूंकडे बघितलं. मी त्यांना फोनवर फक्त "दत्तक घेतलंय, लहान मूल आहे" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी काय केलं, रजिस्टर मिटलं. नाव लिहिलंच नाही. टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला, आणि म्हणाल्या, "लेकरं नाहीत गं इथे. मी मावशी नाही, मी आजी. हे माझं घर आहे. तू माझ्याकडे पाहुणी आलीस, आईबाबांबरोबर. पाहुणे काय करतात? थोडे दिवस राहतात, गोडधोड खातात आणि आपल्या घरी जातात." आणि तिला हाताला धरून अख्खं घर दाखवलं. देवघर, काकांचं कपाट, मुलाची खोली, फ्रिज, गॅलरीतली तुळस, धान्याचे डबे सुद्धा उघडून दाखवले. त्या कॉटच्या खोलीत नेऊन सांगितलं की ही खोली रिकामी आहे, इथे आज कुणी नाही. तिने कॉटच्या खाली वाकून बघितलं. काकूंनी बघू दिलं, त्यांना काही घाई नव्हती.

त्या दिवसापासून अख्ख्या घराने काकूंना आजी म्हणायचं असं ठरलं. काकासुद्धा त्यांना हाक मारताना आजी म्हणायला लागले. वॉचमनलाही सांगून ठेवलं. आणि आमची नावं पूर्ण करायला रजिस्टर परत निघालं ते ती झोपल्यावर. पैसे देऊन कुठल्या हॉटेलात असं कोण करणार आहे सांगा मला.

काका रिटायर्ड आहेत, बोलके. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी तिला सांगितलं की तू आलीयेस ते पार्ले म्हणजे बिस्किटातलं पार्ले. तिचा विश्वासच बसेना. पार्ले-जी तिला माहिती, संस्थेत रोज चार वाजता चहाबरोबर मिळायचं. काका तिला घेऊन स्टेशनपर्यंत गेले, फॅक्टरी कुठे होती ते दाखवलं, १९२९ पासून इथे होती आणि २०१६ ला बंद झाली, आम्ही लहान असताना गाडी पार्ल्याला थांबली की डब्यात गरम बिस्किटांचा वास यायचा वगैरे. तिला वर्षांशी काय घेणंदेणं, पण आपण बिस्किटाच्या गावात राहतोय हे डोक्यात पक्कं बसलं. दादाला म्हणाली, तुमचं गाव कशाचं आहे? दादाने बराच विचार करून सांगितलं, बर्फाचं. मग बर्फ म्हणजे गोळ्याचा का, तो फुकट मिळतो का, यावर अर्धा तास. दादाशी ती आपणहून बोलली ते तेव्हा पहिल्यांदा.

झोपेचं काकूंनी असं केलं की एसी बंद करायला लावला, पंखा लावला, कॉट भिंतीला सरकवून खाली तीन गाद्या ओळीने टाकल्या. दादा एका कडेला, वहिनी दुसऱ्या, मध्ये ती. आणि दार थोडं उघडं ठेवायचं. काकू म्हणाल्या, वीस-पंचवीस मुलांत झोपणारं पोर आहे ते, त्याला आवाज लागतो, शांततेत त्याला भीती वाटते. रात्री दहानंतरही त्या मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी आवरत बसायच्या, रेडिओ बारीक लावून. तिसऱ्या रात्री ती सलग सात तास झोपली. वहिनीने मला मेसेज केला त्यात नुसता आकडा होता, ७.

अंघोळीला बादली, तांब्या आणि छोटा पाट. बाथरूममध्ये शॉवर आहे पण काकूंनी त्याच्यावर फडकं बांधून टाकलं, दिसायलाच नको. तिला स्वतःची स्वतः अंघोळ करता येते, आणि त्याचा तिला अभिमान आहे, हे वहिनीला आधी माहीतच नव्हतं, ती हॉटेलात तिला घालायला जायची आणि दोघींची झटापट व्हायची. इथे काकूंनी वहिनीला हाताने खूण केली की बाहेर बस, दाराशी बस, टॉवेल घेऊन. नंतर वहिनी म्हणाली की माझ्या ट्रेनिंगच्या तासांत (तिकडे आईबापांना आधी क्लास करावे लागतात) जोडलं जाण्याबद्दल पुष्कळ शिकवलं, पण टॉवेल धरून दाराबाहेर बसायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण संध्याकाळी सातला, अगदी ठोका. वरणभात, लिंबू, तूप, एखादी भाजी, पोळी. काकूंची भेंडी कुरकुरीत आणि आमटी गोडसर, ज्यांना गूळ घातलेली आमटी चालत नाही त्यांनी आधी सांगावं. आमच्या मुलीला तिखट हवं असायचं, मराठवाड्याची ना, तिला पहिल्या दिवशी आमटी गोड लागली म्हणून तिने बाजूला सारली तर दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी. श्रावण असल्याने सोमवारी उपासाची खिचडी, शुक्रवारी पुरणाचे दिंड केले होते ते तिने पाच खाल्ले. कांदा-लसूण महिनाभर नव्हता, नॉनव्हेज एरवीही होत नाही. नाश्त्याला पोहे, उपमा, घावन, आलटून पालटून. वहिनीसाठी ब्रेड-अंडी हवी तर बाहेरून आणावी लागायची, घरात अंडं चालत नाही. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी विचार करून यावं.

अजून एक सांगायचं राहिलं, चपलांचं. ती दिवसातून तीनचार वेळा दाराबाहेरच्या चपला ओळीने लावायची. आमच्याच नाही, समोरच्या फ्लॅटच्या सुद्धा. टाचा भिंतीकडे, जोड्या चिकटवून, मोठ्यांच्या आधी मग लहान. दादाला ते बघवेना, तो म्हणायचा राहू दे राजा, तू नको करूस. मग ती घाबरून अजून जोरात लावायची. काकूंनी दादाला आत बोलावून घेतलं आणि काय सांगितलं माहीत नाही, पण त्यानंतर तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी काकूंनी आपल्या घरातल्या चपलांच्या स्टँडचा एक कप्पा रिकामा केला, पेपर अंथरला, आणि तिला म्हणाल्या, तुझी इथे आत ठेवायची, बाहेर ओली होते. काकांच्या कोल्हापुरीच्या वर, काकूंच्या देवळात जायच्या चपलेच्या खाली. ती त्या दिवशी सारखी जाऊन बघत होती की आहे ना, कुणी हलवली तर नाही. चपला लावणं काही बंद झालं नाही म्हणा, पण दिवसाला एकदावर आलं.

आता अडचणी, कारण नुसतं कौतुक वाचून तुम्ही जाल आणि मला नावं ठेवाल.

वायफाय कमजोर आहे. दादाचा तिकडच्या सोशल वर्करशी व्हिडिओ कॉल होता तो चार वेळा तुटला, शेवटी गॅलरीत उभं राहून मोबाइल डेटावर केला. प्रिंटर नाही. आणि या कामात प्रिंट लागतात, भरपूर लागतात. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी, काराचं सर्टिफिकेट, जन्माचा दाखला, पासपोर्ट, प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स आधीच काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आम्हाला रविवारी एक कॉपी हवी होती, आजूबाजूची दुकानं बंद, भिजत अर्धं पार्ले फिरलो. गीझर छोटा आहे, दोन अंघोळी झाल्या की वीस मिनिटं थांबायचं. महापालिकेचं पाणी सकाळी येतं, बाकी वेळ टाकीचं, जपून वापरायला सांगतात. विमानांचा आवाज आहे, पार्ल्यात तो असणारच, आमच्या मुलीला आवडला कारण काकांनी तिला प्रत्येक विमान हे अमेरिकेला चाललंय असं सांगितलं होतं, पण हलकी झोप असणाऱ्यांना त्रास होईल. पैसे रोख किंवा यूपीआय, परदेशी कार्ड चालत नाही. खोलीला दिवसाचे ३८०० पडले, नाश्ता धरून, दोन वेळचं जेवण माणशी वेगळं. मुलीच्या जेवणाचे घेतले नाहीत. दादाने हट्ट केला तर काकू रागावल्या.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकली. शेजारच्या एक बाई दुपारी गप्पा मारायला यायच्या आणि त्यांच्या तोंडाला लगाम नव्हता. रंग कुणावर गेला, आईबाप कोण, सोडून का दिलं. एकदा मुलीसमोरच. काकूंनी त्यांना थांबवलं खरं, पण थोडं उशिरा, वाक्य बाहेर पडून गेलं होतं. नंतर काकू स्वतःहून वहिनीची माफी मागायला आल्या, त्या बाईंचं येणं आम्ही असेपर्यंत बंद केलं. तरी मी लिहितेय, कारण अशा घरगुती जागेत शेजारपाजार येतोच, हॉटेलात तो येत नाही. हे दोन्हीकडून लक्षात घ्या. तुम्ही उतरल्या उतरल्याच यजमानांना सांगून ठेवा की मुलासमोर काय बोलायचं नाही, लाजू नका.

मध्ये व्हिसासाठी तिघे दिल्लीला गेले, मेडिकल, इंटरव्ह्यू, मिळून पाच दिवस. काकूंनी खोली तशीच ठेवली, बॅगा तशाच, पाच दिवसांचे अर्धेच पैसे घेतले. निघताना मुलगी परत गप्प झाली होती, बॅग दिसली की ती गप्प होते. काकूंनी तिला सांगितलं, तुझी जुनी चप्पल इथेच राहू दे कप्प्यात, नवीन घालून जा, परत आलीस की घे. पाचव्या दिवशी रात्री अकराला आले, जिना चढून वर आली ती आधी स्टँडपाशी. होती तिथेच.

आई रोज यायची गिरगावातून, चर्नी रोडहून स्लो लोकल धरून, गुडघे दुखत असताना तीन जिने चढून. आईच्या मनात एकच धास्ती होती, की तिकडे गेल्यावर काही कागद कमी पडला तर पोरीला परत पाठवतील का. दादाने तिला समजावलं की दत्तक इथेच पूर्ण झालंय, ज्या व्हिसावर ती जातेय त्यावर आईबापांबरोबर तिकडे उतरली की ती आपोआप तिथली नागरिक, २००० सालचा कायदाच आहे तसा त्यांच्याकडे. इथे काराच्या पोर्टलवर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी रिपोर्ट जाणार, ती कशी आहे, शाळेत काय, तब्येत काय. आईने हे सगळं काकूंना सांगितलं, काकूंनी काकांना, आणि मग तिघे म्हातारे गॅलरीत बसून वाटाणे सोलत सोलत एकमेकांना हाच कायदा परत परत सांगत होते. मला तेव्हा वाटलं, आईलाही ही जागा तेवढीच लागत होती. हॉटेलच्या लॉबीत ती सोफ्याच्या टोकाला बसली असती पर्स मांडीवर घेऊन, आणि अर्ध्या तासाने म्हणाली असती, येते मग मी.

शेवटच्या रात्री विमान पहाटेचं होतं. पार्ल्याहून विमानतळाचं टी टू टर्मिनल रात्री वीस मिनिटांत होतं, हा मोठाच फायदा, दोनला निघालो तरी चालतं. काकू जाग्या होत्या. दहीसाखर हातावर ठेवली तिघांच्या. मुलीने चप्पल घेतली कप्प्यातून, दोन्ही जोड, आणि अंथरलेला पेपर घडी करून काकूंच्या हातात दिला. काकू म्हणाल्या राहू दे तो, पुढच्या वेळी लागेल. तिने परत नीट अंथरला, कोपरे दाबून.

बुकिंगसाठी फोन दुपारी चारनंतर करा, त्याआधी दोघं झोपलेली असतात. किमान तीन आठवडे हातात ठेवून सांगा, कारण व्हिसाचं पुढेमागे होतं आणि काकू खोली अडवून ठेवतात पण त्यांनाही दुसऱ्या पाहुण्यांना उत्तर द्यावं लागतं. शक्य असेल तर मधली खोली मागा, तिथून स्वयंपाकघराचा आवाज येतो. कागदपत्रं काकूंच्या मुलाला आधीच पाठवून ठेवा म्हणजे मुलासमोर काही विचारायची वेळ येत नाही. मूल कुठलं, कुणाचं, कसं मिळालं हे काकू फोनवर विचारणार नाहीत. ते जेवतं किती वाजता, तेवढं मात्र आधी विचारून ठेवतील.